नुसता बसलोय आणि घड्याळ ठोके ९२ दाखवतंय! मे महिन्यात आणखी कोणाचे वाढतात?

तापीकाठचा | १२ मे, सकाळी ६:४०

मंडळी, नमस्कार. मी जळगावचा, वय ४२, दिवसभर बसून हिशेबाचं काम. दिवाळीत मेव्हण्याने स्मार्टवॉच दिलं. हिवाळाभर त्यात रेस्टिंग हार्ट रेट ७० ते ७२ दिसायचा. मार्चपासून चढायला लागला. एप्रिलात ८०, आणि आता आठ दिवस झाले, ८८ ते ९२. परवा रात्री दीडला लाईट गेले होते म्हणून गच्चीवर पडलो होतो. तेवढ्यात मनगट थरथरलं, तुमची हालचाल नाही तरी ठोके १०० च्या वर आहेत म्हणून. मग कसली झोप. दर पाच मिनिटांनी बघत होतो. ९८, १०३, ९९.

छातीत दुखत नाही, दम लागत नाही, ऑफिसचे तीन जिने रोज चढतो. तरी भीती जात नाही, कारण आमचे अण्णा, म्हणजे वडील, ५४ व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. तेही मे महिन्यात, वावरातून घरी आल्यावर. पित्त झालं असेल म्हणून आम्ही त्यांना सोडा प्यायला दिला होता. ती संध्याकाळ मी विसरू शकत नाही.

बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "मलाही धडधडतं, उन्हाळाच तसा आहे." आई म्हणते, घड्याळ कपाटात ठेव. मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. आपल्याकडच्या ४४-४५ अंशात सगळ्यांचेच ठोके असे वाढतात का? आणि किती झाले म्हणजे डॉक्टरकडे जायचं?

लोको_भुसावळ | १२ मे, सकाळी ७:०५

भाऊ, आधी पट्टा बघा. मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर बांधा, घड्याळ सरकायला नको. घाम पुसा. आणि आजच हाताने नाडी मोजून इथे लिहा.

केळीबाग_रावेर | १२ मे, सकाळी ७:३०

काय भो, घड्याळ काढून टाका, निम्मा आजार तिथेच जाईल. आमचे बाबा ७८ वर्षांचे आहेत, अजून पहाटे चारला बागेत पाणी बघायला जातात. त्यांचे ठोके कधी कोणी मोजले नाहीत. मे महिन्यात आम्ही घड कापायचं काम पहाटे उरकतो, उन्हात माणूस ठेवतच नाही. ताक प्या, कैरीचं पन्हं प्या, दुपारी घराबाहेर पडू नका. शरीर आपलं काम करतंय, त्याला करू द्या.

पांझरा | १२ मे, सकाळी ९:१५

केळीबाग दादा, तुमच्या बाबांना शंभर वर्षं आयुष्य लाभो. पण "काढून टाका" हे मला पटत नाही, आणि का ते सांगते.

मी धुळ्याची, शाळेत शिकवते. तीन वर्षांपूर्वी मला जिना चढताना धडधडायचं. फळ्यावर लिहिताना हात खाली घेऊन थांबावं लागायचं. घरात सगळे म्हणाले ऊन आहे, धावपळ आहे, चाळिशी आहे. मीही तेच म्हणायचे. जवळजवळ सात महिने असेच काढले. शेवटी भाचीने तिचं घड्याळ माझ्या हाताला बांधलं, तेव्हा बसल्या जागी १०६. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ७.८. पाळीत जास्त रक्त जात होतं आणि ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. रक्तात प्राणवायू वाहून नेणारं हिमोग्लोबिनच कमी, म्हणून हृदय तेच रक्त जास्त फेऱ्या मारून पोचवत होतं. लोहाच्या गोळ्या आणि पाळीवरचा उपचार घेतल्यावर चार महिन्यांत ठोके ७६ वर आले.

आकड्याला घाबरू नका, पण तो झाकूनही ठेवू नका. एकदा डॉक्टरसमोर मांडा.

केळीबाग_रावेर | १२ मे, सकाळी ९:४०

ताई, हे मला माहीत नव्हतं. माझं म्हणणं पुरुषांपुरतं धरा.

पांझरा | १२ मे, सकाळी ९:४४

पुरुषांचंही हिमोग्लोबिन कमी होतं दादा. मूळव्याधीचं रक्त महिनोन्महिने जातं आणि लाजेपायी कोणी बोलत नाही.

डॉ_बोरीकाठ | १२ मे, दुपारी २:१०

अमळनेरला जनरल फिजिशियन आहे. ओपीडी संपवून सविस्तर लिहितोय. तुम्हाला तपासल्याशिवाय निदान करता येणार नाही, पण समजून घेण्यासारखं बरंच आहे.

प्रौढ माणसाचे बसल्या जागचे ठोके ६० ते १०० नॉर्मल धरतात. ९० त्यात बसतो. पण तुमचे नेहमीचे ७१ आणि आता ९० असतील, तर हे वीस कुठून आले ते शोधायला हवं. मी रुग्णाचा एका दिवसाचा आकडा बघत नाही, चढण बघतो.

उन्हाने ठोके वाढतात हे खरं आहे. अंग थंड ठेवायला कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि बरंच रक्त तिकडे वळतं. घामातून पाणी आणि मीठ जातं. हृदयाकडे परत येणारं रक्त कमी झालं की एका ठोक्यात कमी रक्त बाहेर पडतं, मग तेवढाच पुरवठा ठेवायला ठोके वाढतात. तापातही असंच, एक अंश सेल्सिअस ताप चढला की साधारण आठ-दहा ठोके वाढतात. म्हणून घरात कोणाचे ठोके अचानक वाढले तर आधी थर्मामीटर लावा.

घड्याळाचं म्हणाल तर मागच्या बाजूला जो हिरवा उजेड दिसतो, तो रक्त शोषून घेतं. प्रत्येक ठोक्याला मनगटात रक्त भरतं तेव्हा परत येणारा उजेड कमी होतो, त्यावरून घड्याळ मोजतं. पट्टा सैल असला, हात हलला की चूक होते. आपल्याकडच्या आयाबायांच्या हातावर गोंदण असतं, त्या शाईवर घड्याळ ठेवलं तरी आकडा चुकू शकतो. शिवाय "रेस्टिंग" कशाला म्हणायचं हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. कोणी झोपेतले ठोके धरतं, कोणी जागेपणी शांत बसलेले. म्हणून दुसऱ्याच्या घड्याळाशी तुलना करू नका.

हाताने मोजायची रीत अशी. चहा-तंबाखू घेऊन अर्धा तास तरी होऊ द्या. पाच मिनिटं पाठ टेकून बसा, बोलू नका. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दुसऱ्या हाताची पहिली दोन बोटं ठेवा, अंगठा नको. भिंतीवरच्या घड्याळात ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा. लय एकसारखी आहे की मध्येच चुकते तेही बघा. लय वेडीवाकडी वाटली तर पूर्ण मिनिट मोजा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या मनात अण्णांचा अटॅक आहे. हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा आहे की नाही हे ठोक्यांवरून कळत नाही. ठोके ६८ असलेल्या माणसालाही ब्लॉकेज असू शकतं आणि ९५ वाल्याच्या वाहिन्या स्वच्छ असू शकतात. वडिलांना ५५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर मुलाचा धोका वाढलेला धरतात. त्यामुळे घड्याळात काहीही दिसो, तुम्ही बीपी, साखर, कोलेस्टेरॉल तपासायलाच हवं. खरं तर हे आधीच व्हायला हवं होतं. ठोक्यांसाठी इसीजी, हिमोग्लोबिन आणि टीएसएच, म्हणजे थायरॉइड. पुढचं काय ते तपासणारा डॉक्टर ठरवेल.

छातीवर दाब, जबड्यात किंवा हातात कळ, गार घाम, चक्कर येऊन पडणं, बसल्या जागी धाप, किंवा शांत बसूनही ठोके १२० च्या वर टिकून राहणं, यातलं काहीही झालं तर इथे लिहीत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा सरळ दवाखाना गाठा.

तापीकाठचा | १२ मे, रात्री ९:५०

डॉक्टरसाहेब, मनापासून आभार. वडिलांचं वय आणि ५५ ची गोष्ट मला आजवर कोणी सांगितली नव्हती.

नाडी तीनदा मोजली. सकाळी उठल्या उठल्या ७८, दुपारी ऑफिसात ८८, आत्ता ८४. लय एकसारखी आहे. घड्याळ तेव्हा ८०, ९१, ८५ दाखवत होतं. म्हणजे घड्याळ फार चुकीचं नाही.

लोको_भुसावळ | १२ मे, रात्री १०:१०

आता खरं सांगा. चहा किती, तंबाखू किती, झोप किती?

मी २६ वर्षं रेल्वेच्या रनिंग स्टाफमध्ये, म्हणजे गाडीवर, काढली. नाईटच्या आठवड्यात बसल्या जागी ९० च्या पुढे, सुट्टीच्या दिवशी ७४. आमची ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी व्हायची. तिथल्या डॉक्टरांनी एकदा माझ्याकडून महिनाभर वहीत लिहून घेतलं होतं, झोपेचे तास आणि नाडी शेजारी शेजारी. जिथे झोप चार तास, तिथे नाडी वर. वही बघून मीच गप्प झालो.

तापीकाठचा | १२ मे, रात्री १०:३०

काका, खरं सांगतो. चहा सहा-सात कप. तंबाखू दिवसाला एक पुडी, मार्चअखेरच्या हिशेबात दोन झाल्या आणि त्या तशाच राहिल्या. झोप पाच तास, उकाड्यात त्याहून कमी.

लोको_भुसावळ | १२ मे, रात्री १०:३४

मार्चपासूनच ठोके चढले म्हणालात ना. बघा.

शेवभाजी | १२ मे, रात्री ११:०५

मी रात्री साडेदहाला शेवभाजी आणि कळण्याची भाकरी हाणली की रात्रभर ठोके १० ने वर. आठला जेवलो की नाही. दोन महिने बघतोय, दर वेळी तेच. भरताच्या पार्टीनंतर तर विचारूच नका.

केळीबाग_रावेर | १२ मे, रात्री ११:१२

भरताला दोष देऊ नका राव. आमच्याकडे हिवाळ्यात काट्या पेटवून त्यावर वांगी भाजतात. ते भरीत खाऊन कोणाचं हृदय बिघडलेलं मी पाहिलं नाही.

शेवभाजी | १२ मे, रात्री ११:१५

भरताचा नाही दादा, रात्री बाराच्या पंगतीचा दोष.

डॉ_बोरीकाठ | १२ मे, रात्री ११:४०

शेवभाजींचं निरीक्षण बरोबर आहे. जड जेवणानंतर पचनासाठी आतड्यांकडे रक्त वळतं, ठोके काही तास वर राहतात. दारू घेतली असेल तर आणखी. तंबाखूतलं निकोटिन थेट ठोके आणि बीपी वाढवतं. तापीकाठचा, तुमच्या बाबतीत वडिलांचा इतिहास आणि तंबाखू ही जोडी मला ९२ पेक्षा कितीतरी जास्त खुपते.

सातपुड्याची | १३ मे, सकाळी ८:२०

मी धडगावच्या बाजूला आरोग्य उपकेंद्रात काम करते. आमच्या पाड्यांवर असं घड्याळ क्वचितच दिसतं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून नाडी मोजते.

पांझराताईंचं वाचून लिहावंसं वाटलं. शाळेतल्या मुलीची नाडी ११०-११५ लागली, डोळ्यांची आतली कडा फिकट दिसली की आम्ही हिमोग्लोबिन बघतोच, आणि आमच्या भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची चाचणीही. भिल्ल, पावरा समाजात हा आजार आढळतो. आई आणि वडील दोघांकडूनही सिकलचा गुण आला तर बाळाला आजार होतो. एकाकडूनच आला तर ते मूल वाहक असतं आणि सहसा त्याला त्रास नसतो. आजार असलेल्या मुलांच्या तांबड्या पेशी लवकर तुटतात, रक्त कायम कमी, म्हणून नाडी कायम जलद. अंगदुखीचे झटके येतात आणि घरचे म्हणतात कामाचा कंटाळा करते. १ जुलै २०२३ ला केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, तेव्हापासून तपासणीला वेग आला आहे. लग्नाआधी दोघांची सिकलसेलची कार्डं जुळवून बघा असं आम्ही घरोघरी सांगतो.

दुसरं, गरोदरपणात नाडी दहा-वीस ठोक्यांनी वाढतेच. तेवढ्याने घाबरायचं नाही, पण गरोदर बाईला धाप लागत असेल तर थांबायचंही नाही.

पांझरा | १३ मे, सकाळी ८:४५

ताई, तुमच्या कामाला नमस्कार. "कामाचा कंटाळा करते" हे वाक्य वाचून घसा दाटला.

धाव_चोपडा | १३ मे, सकाळी ९:३०

थोडं वेगळं. मी जळगावला शिकायला होतो तेव्हा मेहरूण तलावावर पळायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी ठोके बसून ७६ होते, वर्षभराने ६०. सरावाने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, म्हणून कमी ठोक्यात भागतं. पण मे महिन्यात नवीन पळायला सुरुवात करू नका, पहाटे साडेपाचला नुसतं भरभर चाला. आणि आधी डॉक्टरांचं होऊ द्या.

नीज | १४ मे, रात्री १२:५०

तापीकाठचा, दर पाच मिनिटांनी बघत होतो असं तुम्ही लिहिलंत. त्यावर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

माझ्या भावाला झटका आला आणि त्यानंतर मी दोन वर्षं याच चक्रात होतो. बघितलं की ९५, भीती वाटली की १०५, मग आणखी भीती. रात्री तीनला दोनदा इमर्जन्सीत गेलो, दोन्ही वेळा इसीजी स्वच्छ. सगळ्या तपासण्या झाल्यावर फिजिशियनने मला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. आधी अपमान वाटला. पण त्यांनी माझं पहिल्यांदा नीट ऐकून घेतलं. रात्री घड्याळ दुसऱ्या खोलीत ठेवायचं, दिवसातून एकदाच सकाळी आकडा बघायचा, हे त्यांनीच ठरवून दिलं. सोबत समुपदेशन आणि काही महिने औषध. भीतीने वाढलेले ठोकेही खरेच असतात, शरीर नाटक करत नाही. फक्त त्यांचा उपाय वेगळा असतो.

पण तपासणी आधी, मन नंतर. उलटा क्रम लावू नका.

अहिराणी_माय | १४ मे, सकाळी ७:००

भाऊ, घाबरू नको. दवाखानामा जाई ये, बठ्ठं चांगलं व्हई. आन् ती तंबाखू सोडी दे.

पांझरा | १४ मे, सकाळी ७:२५

तापीकाठचा, तुमची पहिली पोस्ट पुन्हा वाचली. "मलाही धडधडतं" असं वहिनी म्हणाल्या आहेत. त्यांचे ठोके कोणी मोजले का?

तापीकाठचा | १४ मे, सकाळी ७:५०

नाही ताई. आज मोजतो.

तापीकाठचा | २६ मे, रात्री ९:१५

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला. कारण खाली लिहितो.

आधी माझं. इसीजी नॉर्मल, ठोके ८४. हिमोग्लोबिन १४.१, टीएसएच नॉर्मल, साखर काठावर, बीपी १३८/८८, एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १६२. डॉक्टर म्हणाले ठोक्यांचं कारण ऊन, कमी झोप, चहा आणि तंबाखू. वडिलांमुळे त्यांनी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि स्ट्रेस टेस्टही करून घेतली, दोन्ही ठीक. कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केली आहे. तंबाखू सोडून आज अकरा दिवस झाले. पहिले चार दिवस फार वाईट गेले. रोज सकाळचा एकच आकडा वहीत लिहितो, काकांसारखा. आजचा ७६.

आता तिचं. १४ तारखेला पाच मिनिटं बसवून नाडी मोजली तर ११२. मला वाटलं चुकलं. पुन्हा मोजली, ११०. घड्याळ बांधून झोपवलं तर झोपेतही ९६. मग एकेक विचारत गेलो. संक्रांतीपासून सहा किलो वजन उतरलंय, आणि जेवण तर वाढलंय. सगळे कूलरसमोर चादर घेतात तेव्हा ही घामाने भिजते. केस गळतात. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी रात्री माझंच मनगट बघत बसलो होतो. दुसऱ्याच दिवशी तिलाही डॉक्टरांकडे नेलं. टीएसएच ०.०१ पेक्षा कमी, टी३ आणि टी४ ही थायरॉइडची हार्मोन्स दोन्ही वाढलेली. थायरॉइड ग्रंथी जास्त काम करतेय. थायरॉइडसाठी कार्बिमाझोल आणि ठोक्यांसाठी प्रोप्रॅनोलॉल चालू केलं आहे.

पांझराताई, तुम्ही विचारलं नसतं तर मी मोजली नसती.

डॉ_बोरीकाठ | २६ मे, रात्री १०:२०

वेळेत लक्षात आलं, फार बरं झालं. दोन गोष्टी विचारतो. केस गळतात म्हणून त्या बायोटिनची गोळी घेत होत्या का? बायोटिनमुळे काही पद्धतींच्या थायरॉइड चाचण्या चुकीच्या येतात, टीएसएच खोटाच कमी दिसू शकतो. त्यांची लक्षणं स्पष्ट आहेत, तरी डॉक्टरांना सांगायला हवं. आणि दमा आहे का? दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉल चालत नाही.

कार्बिमाझोल चालू असताना ताप आला, घसा जोरात दुखला किंवा तोंडात फोड आले तर "व्हायरल असेल" म्हणून थांबू नका. गोळी बंद ठेवून त्याच दिवशी पांढऱ्या पेशी तपासायच्या. क्वचित होतं, पण झालं तर गंभीर असतं. गरोदरपणाचा विचार असेल तर तेही आधी सांगायचं. आणि कोणतीही गोळी बरं वाटलं म्हणून मनाने सोडायची नाही.

तापीकाठचा | २६ मे, रात्री १०:४५

बायोटिन नाही, दमा नाही. तापाचं आमच्या डॉक्टरांनीही सांगितलं होतं, तुमचं वाचून फ्रिजवर लिहून चिकटवलं. तिला ही सगळी चर्चा वाचायला दिलीय. तिला दोन ओळी लिहायच्या आहेत.

तापीकाठचा | २६ मे, रात्री ११:१०

मी वहिनी लिहितेय, यांच्याच आयडीवरून. पांझराताई आणि सगळ्यांचे आभार.

एप्रिलात गच्चीवर बिबड्या (ज्वारीचे पापड) घालताना हात थरथरायचा, गोल यायचाच नाही. खाली बसले की मांड्यांवर जोर देऊन उठता यायचं नाही, कठडा धरावा लागायचा. सासूबाई शेजारीच बसायच्या. त्यांना वाटलं घाई करते, मला वाटलं वय झालं. माझं वय ३८ आहे. डॉक्टर म्हणाले, थरथर आणि मांड्यांची कमजोरी दोन्ही थायरॉइडमुळेच.

गोळ्या सुरू होऊन दहा दिवस झाले. ठोके आज ८६. हाताची थरथर बरीच कमी आहे, उठताना मात्र अजून कठडा लागतो. सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायचंय, तेव्हा इथे लिहीन. घड्याळ सध्या माझ्या हातात आहे.

पांझरा | २७ मे, सकाळी ६:३०

वहिनी, नक्की लिहा. मी वाट बघते. या वर्षी बिबड्या माझ्याकडून पाठवते, धुळ्याहून जळगाव काही लांब नाही.